वाइनच्या गावात जागा घ्यायचीय? आधी एक छाटणी ते पुढची छाटणी भाड्याने राहा



जानेवारी-फेब्रुवारी आला की मला एकाच प्रकारचे मेसेज सुरू होतात. "सर, वीकेंडला नाशिकला गेलो होतो, वायनरी बघितली, काय वातावरण आहे! तिकडे थोडी जागा घेऊन राहायला जावं म्हणतोय. छोटं दुकान नाहीतर होमस्टे टाकू. काय वाटतं?"

या विषयावर व्हिडिओ केलाच आहे, पण पंधरा मिनिटांत कागदपत्रांचं सगळं बसत नाही. म्हणून हा लेख सावकाश वाचा.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळचा कल्याणचा. बीबीए केलं, काही वर्षं सेल्समध्ये काढली आणि २०१९ मध्ये बायको-मुलीला घेऊन दिंडोरीला आलो. आज तिथे माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. क्रेट, बॉक्स, पनेट, घडांना लावायचा पेपर, सुतळी, चिकटपट्टी, असा सगळा माल. म्हणजे तुम्ही जे करायचं म्हणताय ते मी करून बसलोय. आणि सुरुवातीलाच चुकलोय.

माझा सल्ला एका ओळीत सांगतो. ज्या गावात जागा घ्यायची, तिथे ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत भाड्याने राहा, आणि मगच टोकनला हात लावा. का, ते आता बघू.

वाइनचं गाव म्हणजे नक्की कुठलं?

नाशिकला भारताची वाइन राजधानी म्हणतात, पण हा पट्टा एका ठिकाणी नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला आहे. कंपनी १९९९ ची, पहिली वाइन २००० ची. त्याच बाजूला यॉर्क आणि सोमा. निफाड तालुक्यात विंचूरला वाइन पार्क आहे. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यानंतरचं हे काम. इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ग्रोव्हर झम्पा. आणि आमच्या दिंडोरीत शांदोंची स्पार्कलिंग वाइन तयार होते.

हे सांगायचं कारण म्हणजे प्रत्येक बाजूचा भाव, पाणी आणि गिऱ्हाईक वेगळं आहे. गंगापूरची बाजू म्हणजे जवळपास नाशिक शहरच. भावही शहराचेच. दिंडोरी नाशिकपासून साधारण २५ किलोमीटर. तालुक्याचं गाव, नगरपंचायत, तहसील कचेरी, दवाखाने, शाळा, सगळं आहे. गावाबाहेर पडलात की शेती सुरू.

आता मुख्य गोष्ट. बाहेरच्याला हे "वाइनचं गाव" वाटतं. प्रत्यक्षात इथलं पोट वाइनवर चालत नाही, खायच्या द्राक्षांवर चालतं. थॉमसन, सोनाका वगैरे. वाइनच्या द्राक्षांची लागवड त्यामानाने थोडी, आणि ती बहुतेक वायनरीशी करार करून. मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची मोठी कंपनी आहे, तिचं नाव झालं तेही खायच्या द्राक्षांच्या निर्यातीमुळे.

दुकानदाराने यातून काय समजायचं? मुंबईचा पर्यटक वायनरीच्या गेटमधून आत जातो, आतच जेवतो, आतच बाटली घेतो आणि गाडी वळवून परत जातो. तो माझ्या दुकानात येत नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे बागायतदार, मजुरांच्या टोळ्या, त्यांची घरं, शाळेचे मास्तर, एमआयडीसीतले कामगार. जागा कुठे घ्यायची हे यावर ठरतं, डोंगर कुठून छान दिसतो यावर नाही.

माझा एक लाखाचा धडा

फेब्रुवारी २०१९. बागा भरलेल्या, थंडी गुलाबी. एका एजंटने पाच गुंठ्यांचा "फार्महाऊस प्लॉट" दाखवला. समोर द्राक्षबाग, मागे डोंगर. "भाऊ, कुंभ यायच्या आत घेऊन टाका. नंतर हात लावता येणार नाही." मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि एक लाख टोकन दिलं. पावती काय, तर साध्या कागदावर सही.

सातबारा मी टोकन दिल्यानंतर मागितला. बीबीएमध्ये कॅश फ्लो शिकलो, इन्व्हेंटरी शिकलो, सातबारा कोणी शिकवला नव्हता. नाशिकच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी दहा मिनिटांत तीन गोष्टी दाखवल्या.

पहिली, मी शेतकरी नाही. आमच्या घरात कोणाच्याच नावावर शेतजमीन नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एजंट म्हणाला होता, "दाखला आपण काढून देऊ." असा खोटा दाखला पकडला गेला तर कलम ८४-क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते. एजंट तोपर्यंत कमिशन घेऊन मोकळा.

दुसरी, पाच गुंठ्यांचा वेगळा सातबारा होणारच नव्हता. तुकडेबंदी कायद्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरलेलं असतं. आता नाशिक जिल्ह्यात ते बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे आहे. त्यापेक्षा लहान तुकडा विकायचा म्हणून हे लोक अकरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक लावतात. कागदावर तुमची हद्दच नसते. उद्या विकायचं, तारण ठेवायचं, वाटणी करायची, तर बाकीच्या दहा जणांच्या मागे फिरा. रहिवासी आणि विकास आराखड्यातल्या भागांसाठी २०२५ मध्ये नियम सैल झालेत, पण शेती झोनमधल्या तुकड्याला ती सवलत लागू आहे असं धरून चालू नका.

तिसरी, जमीन भोगवटादार वर्ग २ ची होती आणि इतर हक्कांत सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. वर्ग २ म्हणजे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री नाही.

वकील म्हणाले, "तुम्ही जमीन नाही, भांडण विकत घेताय."

टोकन परत मिळवायला चौदा महिने गेले. साठ हजार आले, चाळीस बुडाले. बायको एकच वाक्य बोलली, "पाटल्या सुटतील. पण पुढच्या वेळी कागद आधी मला दाखव." तेव्हापासून आमच्या घरी सातबारा आधी ती वाचते.

तीन प्रकारच्या जागा, तीन वेगळे कागद

*१. शेतजमीन*

तुम्ही शेतकरी आहात का, हा पहिला प्रश्न. आजोबांची जमीन असेल तर वारस म्हणून तुमचं नाव सातबाऱ्याला लागलंय का ते बघा. खूप जणांचं लागायचं राहिलेलं असतं. मुलींनो, तुमचंही बघा.

त्यानंतरचे कागद असे:
- डिजिटल सहीचा सातबारा. महाभूमीच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो, एजंटने दाखवलेल्या झेरॉक्सवर विसंबू नका. "इतर हक्क" हा रकाना दोनदा वाचा. बोजा, कुळ, विहिरीतला हिस्सा, सगळं तिथे सापडतं.
- ८-अ, म्हणजे खातेदाराच्या नावावर त्या गावात एकूण किती जमीन आहे त्याचा उतारा.
- जुने फेरफार. जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली ते यात कळतं. वारसांपैकी बहिणींची नावं गाळली असतील तर तिथेच दिसेल.
- तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून, आणि पेपरात जाहीर नोटीस.
- भूमी अभिलेख खात्याची मोजणी. बांध दाखवतो ती हद्द नाही, मोजणीत निघते ती हद्द.

दिंडोरी तालुक्यात आदिवासी समाजाच्या जमिनी भरपूर आहेत. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासींची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. "साठेखत करू, कब्जा घ्या, नंतर बघू" असं कोणी म्हणालं तर चहा पिऊन निघा. कायद्याचा मुद्दा आहेच, पण एखाद्याची जमीन अशा आडमार्गाने घेऊन त्याच गावात दुकान मांडून बसायचं, हे मला तरी जमणार नाही.

रस्ताही बघा. गाडी आज ज्या वाटेने गेली ती कोणाच्या शेतातून जाते? नकाशावर रस्ता आहे का? नसला तर उद्या शेजारी काटे टाकेल आणि तुम्ही तहसीलदारांकडे अर्ज करत बसाल.

*२. गावठाणातलं जुनं घर*

ओटा, माळवद, सागवानी खांब बघून शहरातला माणूस वेडा होतो. इथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. लक्षात ठेवा, तो घरपट्टी आकारणीचा कागद आहे, मालकीचा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जातायत. त्या घराची मिळकत पत्रिका आहे का, नाव कोणाचं, भाऊ किती, सगळे सही करणार का, हे विचारा. एक भाऊ पुण्यात, एक सुरतेत आणि "ते काही बोलणार नाहीत" असं उत्तर आलं तर थांबा.

*३. एनए प्लॉट, रो हाऊस, फ्लॅट*

बिगरशेतकऱ्यासाठी सगळ्यात सरळ रस्ता हाच. एनएचा आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र. लेआउट ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर साधारणपणे महारेराची नोंदणी लागते, प्लॉटिंग असलं तरी. माझा एक साधा नियम आहे. तुम्हाला कर्ज नको असलं तरी कागद बँकेत नेऊन दाखवा. बँक कर्ज द्यायला तयार नसेल तर का नाही, एवढं विचारून या. ही तपासणी तुम्हाला बाहेर इतक्या स्वस्तात मिळणार नाही.

भाड्याचं वर्ष: कुठल्या महिन्यात काय कळतं

कागद चोख निघाले तरी गाव मानवेल की नाही ते कागद सांगत नाही. त्यासाठी राहावं लागतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर: गोडी छाटणी झाली की फवारण्या सुरू. डाऊनी आणि भुरीच्या भीतीने कधी एक दिवसाआड, पाऊस झाला तर रोज. पहाटे पाचला ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू होतो. बागेला खेटून घर म्हणजे खिडक्या बंद, गच्चीवर कपडे नाहीत, पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण. आमच्या मुलीला दम्याचा त्रास आहे. भाड्याचं पहिलं घर बागेच्या अगदी कडेला होतं. तिसऱ्या आठवड्यात तिला नेब्युलायझर लावायला लागला. घरमालक नाना चांगले, त्यांनी स्वतःच गावातली दुसरी खोली बघून दिली. तो प्लॉट झाला असता, तर तिथून निघायला मला खोली बदलायची नसती, घर विकायला लागलं असतं.

जानेवारी ते मार्च: घडांत पाणी उतरतं, माल खुडायला येतो, गाव जागं असतं. हाच तुम्ही बघितलेला सीझन. थंडीही खरी. निफाडकडे पारा इतका उतरतो की मणी तडकू नयेत म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. नवरात्र आणि चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेकरूंनी वणीचा रस्ता भरतो. समर्थ केंद्रामुळे दिंडोरीतही गर्दीचे दिवस ठरलेले. दुकानाला ते बरं, पण तुमची गाडी गेटबाहेर निघेल का ते तेव्हा कळतं.

एप्रिल-मे: खरड छाटणी. हिरवी भिंत गायब, उरतात तारा आणि तपकिरी खोडं. ऊन कडक. बोअर आटतो की नाही हे मे महिनाच सांगतो. "बारमाही पाणी" हा शब्द मे महिन्यात ऐकला तरच खरा. शेतीच्या फीडरची लाइट पाळीने असते, कधी दिवसा तर कधी रात्री. शेतातल्या घराला वेगळं घरगुती कनेक्शन मिळेल का, खांब किती लांब, खर्च कोणाचा, हे महावितरणच्या ऑफिसात विचारा.

जून ते सप्टेंबर: काळी माती बघा. पावसात फुगते, उन्हात फाटते, आणि पाया उथळ असेल तर घराच्या भिंतींना तडे. सखल प्लॉटवर पाणी किती दिवस उभं राहतं ते ऑगस्टमध्ये स्वतः जाऊन बघायचं. उसाच्या बाजूला बिबट्याची चर्चाही ऐकाल, ती अफवा समजू नका. मुलांचं संध्याकाळचं खेळणं कुठे, याचा विचार त्यात धरा.

पैशाचं कॅलेंडर

पगारदार गावात पैसा दर महिन्याला फिरतो. द्राक्षाच्या गावात तो वर्षातून एकदा येतो. बागायतदार माझ्याकडून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेपर, क्रेट उचलतो आणि पैसे देतो माल विकल्यावर. म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. मध्ये गारपीट झाली, अवकाळी आला, किंवा व्यापारी पैसे बुडवून पसार झाला (हे दरवर्षी कुठे ना कुठे होतं), तर त्याची झळ माझ्या गल्ल्यापर्यंत येते.

माझं पहिलंच वर्ष बघा. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस थांबला नाही, बागा सडल्या. जे वाचले त्यांचा माल ऐन काढणीत असताना मार्च २०२० चा लॉकडाऊन. लोकांनी मिळेल त्या भावात द्राक्षं दिली, काहींनी बेदाणा केला. माझी उधारी ३ लाख ८० हजार होती, जूनपर्यंत दीड लाखही आली नव्हती. बुडवायची कोणाची नियत नव्हती, हातातच नव्हते. पुढच्या दोन वर्षांत बरीचशी आली.

तेव्हा माझा राहण्याचा खर्च होता साडेसहा हजार भाडं. नाना म्हणाले, "दोन महिने राहू दे, दुकान चालू ठेव." फेब्रुवारीत ठरवलं होतं तसं कर्ज काढून जागा घेतली असती, तर महिना बावीस हजारांचा हप्ता असता. हप्त्याला नाना नसतो. दुकान त्या पावसाळ्यातच बंद झालं असतं.

म्हणून दुकानाचा हिशेब असा करा:
- घराचा हप्ता आणि दुकानाचं भाडं मिळून बारा महिन्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय खरेदी नाही.
- उधारीला कमाल मर्यादा ठरवा, आणि ती एका पिकावर सगळी टाकू नका. मी नंतर टोमॅटो, भाजीपाल्याचे क्रेट आणि घरगुती प्लास्टिक ठेवायला लागलो. त्याने पावसाळा निघतो.
- होमस्टेचा विचार असेल तर वर्षातले किती वीकेंड भरतील ते मोजा. फेब्रुवारीच्या एका शनिवारला ५२ ने गुणू नका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे, त्यात नोंदणी करता येते का ते पर्यटन विभागाकडे विचारा. आणि पाहुण्याला वाइन विकायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. गाव वाइनचं असलं म्हणून सूट नाही.

माणसं

गावात तुम्ही "बाहेरचे" असणार, त्यात वाईट काही नाही. पण पहिल्याच महिन्यात कुंपण घालून गेटला कुलूप लावलं की तुम्ही कायमचे बाहेरचे. भाड्याने राहिलात की आठवडे बाजारात दिसता, दहाव्याला जाता, सप्त्याची वर्गणी देता. मग लोक आपणहून सांगतात, कुठल्या जमिनीवर दावा चालू आहे, कोणाची विहीर सामाईक आहे, कोणते दोन भाऊ बोलत नाहीत. ही माहिती कुठल्याच उताऱ्यावर नसते. मला आजचं घर एजंटने नाही, दुकानात पेपर घ्यायला येणाऱ्या एका तात्यांनी सुचवलं.

मग मी काय घेतलं?

२०२२ मध्ये नगरपंचायत हद्दीत, एनए प्लॉटवरचं दोन खोल्यांचं जुनं घर. बँकेचं कर्ज झालं, म्हणजे कागद दोनदा तपासले गेले. घर बायकोच्या नावावर घेतलं. एकट्या महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, २०२१ पासून. तो हिशेब होताच, पण कागद वाचणारीच्या नावावर घर असावं हेही होतं. पाटल्या त्याआधीच सुटल्या होत्या.

खिडकीतून द्राक्षबाग दिसत नाही. समोरच्यांची पाण्याची टाकी दिसते. पण मुलगी रात्री शांत झोपते, आणि दुकान चालत जायच्या अंतरावर आहे.

आता तुमचा गृहपाठ. जागा मनात भरली असेल तर याच आठवड्यात तीन कामं करा. त्या गटाचा डिजिटल सातबारा काढा आणि "इतर हक्क" वाचा. त्या गावात भाड्याची खोली किती रुपयांत मिळते ते विचारा. आणि तीच जागा मे महिन्यात दुपारी दोन वाजता परत बघायला जा. तेव्हाही आवडली, तर पुढचं बोलू. सातबाऱ्यातला कुठला रकाना कळला नाही तर कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत घेतो. गट नंबर आणि नाव मात्र झाकून टाका.

भेटू. धंदा सांभाळा, कागद आधी वाचा!